ब्रेकचें अस्तर आणि इशाऱ्याचा दिवा

इ. स. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत बर्था बेंझ ह्या जर्मन बाई, पति कार्ल बेंझ ह्यांनीं बनविलेल्या तीनचाकी मोटारींतून, दोन मुलांसह मानहाइमहून फोर्त्सहाइम येथें माहेरीं निघाल्या. उतारांवर लांकडी ब्रेक झिजूं लागला, तेव्हां वाटेंतील एका चांभाराकडून त्यांनीं त्यावर चामडें ठोकून घेतलें. मोटारीच्या ब्रेकला अस्तर लागलें तें असें.

विसाव्या शतकांत ॲस्बेस्टॉसचें अस्तर आलें. त्याचे तंतु फुप्फुसांस घातक ठरल्यानें अनेक देशांतून तेंही गेलें. झिजणें हा अस्तराचा धर्म मात्र कायम राहिला. चाकाआड दडलेल्या पॅडची झीज चालकास दिसेना, म्हणून कित्येक मोटारींच्या पॅडमध्यें एक बारीक तार बसविण्यांत आली. पॅड झिजलें कीं तार फिरत्या चकतीस घांसून तुटते, विजेचा प्रवाह खंडित होतो आणि चालकापुढें दिवा लागतो.

नवें पॅड घातल्यावरही दिवा विझत नाहीं, ह्याचें पुष्कळांस नवल वाटतें. परंतु तुटलेली तार आपोआप सांधत नाहीं. तीही नवी घालावी लागते. शिवाय अलीकडील कित्येक गाड्यांतील संगणक जुनी नोंद जपून ठेवतो. ती पुसण्याची आज्ञा त्यास निराळी द्यावी लागते. तार तुटकीच असेल, तर ही आज्ञा व्यर्थ जाते.

तुटकीं टोकें जोडून दिवा विझविणारे महाभागही आहेत. त्यानें इशारा तेवढा मरतो. पॅड झिजतच राहतें. बर्थाबाईंनीं आधीं चामडें ठोकविलें, मग पुढील उतार धरला. क्रम तोच राहिला पाहिजे.