मिठाची पुरचुंडी आणि सरळ कालवे : लुइझियानाची किनारी दलदल

रॉबर्ट फ्लॅहर्टी यांचा ‘लुइझियाना स्टोरी’ (१९४८) हा चित्रपट स्टँडर्ड ऑइल (न्यू जर्सी) या कंपनीच्या पैशातून निर्माण झाला. दलदलीतून होडी वल्हवणारा त्यातील केजन मुलगा अनिष्ट टाळण्यासाठी कमरेला मिठाची पुरचुंडी बाळगतो. विहिरीतून वायू उसळून काम बंद पडते तेव्हा ते मीठ तो विहिरीत टाकतो. अखेरीस तेल लागते, खोदाईचा तराफा निघून जातो आणि दलदल जणू पूर्ववत होते. निसर्ग आणि यंत्र यांच्या सलोख्याची ही कथा. परंतु तराफा ज्या वाटेने येतो-जातो त्या जलमार्गांचा इतिहास तिच्यासमोर ठेवला, की हा सलोखा डळमळू लागतो.

हा प्रदेश मिसिसिपीच्या गाळाने घडवला. तेथील संथ, वळणावळणाच्या ओहोळांना ‘बायू’ म्हणतात. मूळचा चोक्टॉ भाषेतील हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत रुळला. १९२७ च्या महापुरानंतर, १९२८ च्या कायद्यान्वये नदीचे बांध भक्कम करण्यात आले आणि दलदलीला मिळणारा गाळ तुटला. तेलउद्योग विस्तारला तो या उपाशी भूमीत. १९३३ मध्ये टेक्सास कंपनीने लेक पेल्टो येथे तळाशी टेकवता येणारा खोदाई-तराफा वापरला. दलदलीत असा तराफा न्यायचा तर कालवा खणणे भाग होते. प्रत्येक नव्या विहिरीसाठी नवा फाटा, असे करता करता कालव्यांची लांबी हजारो मैलांवर गेली.

उपसलेला चिखल काठावरच रचला जाई. त्या उंचवट्यांनी पाण्याची सहज ये-जा अडवली; कोठे पाणी साचून मुळे कुजली, तर सरळ कालव्यांतून समुद्राचे खारे पाणी गोड्या दलदलीत शिरले. चित्रपटात तारक ठरलेले मीठ येथे गवताच्या मुळावर आले. गवत मेले, की त्याने धरलेली माती सुटते आणि कालवा रुंदावत जातो. १९३२ ते २०१६ या काळात लुइझियानाच्या किनाऱ्यावरील सुमारे ४,८३३ चौरस किलोमीटर भूमी, म्हणजे १९३२ मधील क्षेत्राच्या जवळजवळ एक चतुर्थांश, नाहीशी झाली. तीत बांधांचा वाटा किती, कालव्यांचा किती आणि तेल-वायू उपशाने खचलेल्या जमिनीचा किती, हा वाद न्यायालयांपर्यंत गेला.

हे सारे फ्लॅहर्टींना १९४८ मध्येच दिसावयास हवे होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ऱ्हासाचा सर्वाधिक वेग १९७० च्या दशकातला आहे. मात्र तराफा निघून गेला म्हणजे काहीच मागे उरले नाही, ही समजूत पैसा पुरवणाऱ्या कंपनीच्या सोयीची होती, हे नजरेआड करता येत नाही. विहिरी आटल्या, तरी बहुतेक कालवे कोणी बुजवले नाहीत.