आगेरा

आगेरा : साष्टी बेटावरील, म्हणजे आजच्या मुंबई उपनगरांतील, ईस्ट इंडियन कॅथलिकांचा नव्या भाताचा सण. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी येतो. लॅटिनमध्ये ‘आगेर’ म्हणजे शेत. नाव त्यावरून पडले असे मानतात.

पिकलेल्या भातावर पाद्री तीर्थ शिंपडतो, मग विळ्याने पहिल्या लोंब्या कापतात. टोपलीत घालून त्या वाजतगाजत चर्चमध्ये आणतात आणि मिस्सा झाल्यावर वाटतात. घरी गेलेली लोंबी क्रुसापाशी खोचली जाते. आश्विनात दाराला ‘नवे’ बांधणाऱ्या कोकणी घराला यात परके काही वाटू नये.

वसई आणि साष्टी १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली. बोरिवलीत मंडपेश्वरच्या लेण्यांपाशी फ्रान्सिस्कन मिशनरी आले, वांद्रे-अंधेरीकडे जेझुइट. बाप्तिस्म्याने नाव बदलले, धंदा नाही: कुणब्याचा नांगर, कोळ्याचे जाळे आणि भंडाऱ्याची माडावरची चढण तशीच राहिली; सोयरीक जुळवताना जातही. धर्माने श्रमाकडे पाहण्याची दृष्टी बदलते म्हणताना समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरचे नाव घेतात, पण त्याचा प्रॉटेस्टंट व्यापारी साष्टीच्या खाचरात शोधून उपयोग नाही. इथे चर्चने मेहनतीपेक्षा तिच्या वेळापत्रकाला हात घातला. रविवार आणि संतांचे सण कामाविना पाळायचे, हा नेम इथे पोर्तुगीज काळापासूनचा; शेजारच्या मुंबईत गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळायला नारायण मेघाजी लोखंडे यांचा लढा आणि १८९० साल लागले. आगेऱ्यातही आशीर्वाद पिकाला. राबणाऱ्याला तो ओघाने. श्रमाचा स्वतंत्र सण, १ मेचा कामगार संत जोसेफ, पोप बारावे पायस यांनी १९५५ मध्ये नेमला.

खरा फरक पाडला तो चर्चच्या इंग्रजी शाळांनी. एकोणिसाव्या शतकात शिकलेला मुलगा रेल्वेत किंवा सरकारी कचेरीत चिकटला आणि पगाराच्या नोकरीपुढे चिखलातले काम हलके ठरले. नोकरीसाठी आलेल्या गोवेकरांहून आपण वेगळे, हे सांगायलाच १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले गेले. याच समाजातले बॅरिस्टर जोसेफ ‘काका’ बॅप्टिस्टा टिळकांचे सहकारी आणि १९२० मध्ये स्थापन झालेल्या आयटक या कामगार संघटनेच्या आद्य पुढाऱ्यांपैकी एक. त्यांची कामगार चळवळ मात्र आगेऱ्याच्या टोपलीतून आलेली दिसत नाही.

शेते पुढे वसाहतींत, कारखान्यांत, सहारला विमानतळात गेली. आता अनेक पॅरिशींत लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात. लाल चौकड्यांचे लुगडे नेसून टोपली धरणारी बाई एरवी ऑफिसात असते. अंधेरीला कोंडिविट्याचे १५७९ चे चर्च १८४० च्या साथीनंतर ओस पडले आणि वस्ती मरोळला सरकली. त्याच्या बिनछपराच्या भिंती सीप्झ या निर्यात क्षेत्राच्या कुंपणात उभ्या आहेत. भोवती दागिने आणि सॉफ्टवेअरची कामे पाळ्यांमध्ये चालतात.