जंतू तोच, देह निराळे

निवृत्तीनंतर डॉ. कमल रणदिवे आपल्या नगर जिल्ह्यात आल्या, त्या आदिवासी मुलांच्या पोटात काय जातं ते पाहायला. ज्या बाईंनी आयुष्यभर मुंबईच्या प्रयोगशाळेत पेशींचा अभ्यास केला, त्यांना नाचणीच्या भाकरीची चौकशी कशाला, असं कुणालाही वाटेल.

कमलताई पुण्याच्या, माहेरच्या समर्थ. जन्म १९१७ चा. अमेरिकेहून त्या एक विद्या शिकून आल्या होत्या, शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी जगवण्याची. त्या काळी कुष्ठरोगाचं एक कोडं होतं. हॅन्सनने १८७३ साली त्याचा जंतू पाहिला खरा, पण प्रयोगशाळेतल्या खाद्यावर तो काही केल्या वाढत नाही, आजही नाही. जंतूच हाती नाही, तर लस कशाची करणार?

१९५८ साली बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी रुग्णाच्या गाठीतून घेतलेला एक जंतू पेशींच्या सोबतीने वाढवून दाखवला. तो खरा कुष्ठजंतू की दुसराच कुणी, यावर बरीच वर्षं वाद झाला. तो निघाला त्याचा भाऊबंद.

आता गंमत बघा. कुष्ठजंतू अंगात शिरला तरी बहुतेकांना काहीच होत नाही. कुणाला एखादा बधिर चट्टा येतो, कुणाच्या अंगभर गाठी उठतात. जंतू तोच. गाठी उठतात त्याचं शरीर शत्रूला ओळखतच नाही. मग त्याला ओळख पटवायला भाऊबंद का चालू नये? देवीवर गायीच्या देवीची लस चाललीच होती. डॉ. माधव देव यांनी हे मारलेले जंतू लस म्हणून वापरले; १९७९ पासून चाचण्या सुरू झाल्या. तामिळनाडूतल्या मोठ्या चाचणीचे आकडे १९९८ मध्ये आले. बीसीजीचं संरक्षण ३४ टक्के, या लशीचं ६५. पण एव्हाना नव्या औषधांनी रोगीच कमी झाले होते आणि लस मागे राहिली. मला याची हळहळ वाटते.

शरीराची ही ओळख अन्नावरही चालते. उपाशी मुलाच्या रक्तातले लढवय्ये आधी दुबळे होतात, म्हणून पोटभर जेवणारं पोर गोवरातून उठतं आणि कुपोषित पोर जातं. कमलताई नगरच्या खेड्यांतल्या बायांशी आहाराबद्दल, आरोग्याबद्दल बोलत, त्या १९७३ साली स्वतः उभ्या केलेल्या महिला वैज्ञानिकांच्या संघटनेतर्फे. तेव्हा त्यांनी सत्तरी गाठलेली होती.