हंगामी आबा

चपला हातात घ्या, बीडजवळच्या कपिलधारच्या पायऱ्या ओल्या आहेत. कार्तिकी पौर्णिमा कालच झाली. वीरशैव संत मन्मथस्वामींच्या समाधीपुढची रीघ आता सुटसुटीत झाली आहे. लातूर-नांदेडकडून चालत आलेली माणसं ओट्यावर बसून पोटऱ्यांना तेल चोळताहेत, आणि भस्माचा नि ओल्या दगडाचा वास एकमेकांत मिसळला आहे. खाली कुंडात धार पडते आहे, पण तिचं पावसाळ्यातलं अंग गेलेलं. वर मांजरसुंब्याच्या रस्त्याला एक ट्रॅक्टर उभा आहे. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, पाण्याचा ड्रम, एक शेळी, दोन पोरं, आणि गोणपाटात गुंडाळलेले ऊसतोडीचे कोयते. उचल कधीच खर्च झाली. आता पाच-सहा महिने मुकादम नेईल तिकडं.

धारेखाली डोकं धरा आणि डोळे मिटा. ज्याच्या मागं आपल्याला जायचं आहे, तोही हंगामाला निघालेला माणूस आहे.

डोळे उघडता तेव्हा पाणी नाही. दक्षिण स्पेन, कोर्दोबा प्रांताचा उत्तर टोकाचा डोंगराळ भाग, 1960 चं दशक. गावाचं नाव पोझोब्लान्को, म्हणजे पांढरी विहीर. विहिरीवरून गावाला नाव पडतं तिथं पाण्याची काय कथा असेल, हे बालाघाटावरच्या माणसाला सांगावं लागत नाही. गल्लीत पोरं चेंडू लाथाडताहेत. त्यातलं कोणतं अंतोनिओ हे ओळखायचा प्रयत्न करू नका. 28 मे 1957 चा जन्म, पुढं नाव होईल अंतोनिओ लोपेझ हबास. आपली वर्तमानपत्रं ‘हबास’ छापतात. स्पॅनिश माणूस मात्र ‘ह’ गिळतो. बोलताना येतं ते ‘आबास’, आणि बीडच्या कानाला त्यातलं शेवटचं अक्षर लागतच नाही. तेव्हा आपण त्यांना आबाच म्हणू.

खेळाडू म्हणून आबा बचावफळीच्या मधले. गोल करणाऱ्याचा फोटो लागतो, अडवणाऱ्याचा लागत नाही. सेव्हिया, मुर्सिया अशी दाणापाण्याची ठिकाणं बदलत ते खेळले, आणि तिशी गाठायच्या सुमारास दुखापतीनं त्यांचे बूट काढले. हा भाग आपण चालत्या गाडीतून पाहू. आबांची खरी पायपीट त्यानंतरची आहे.

17 जून 1994, शिकागो. सोल्जर फील्डवर ऊन असं की बाकाचा पत्रा हाताला चटके देतो. विश्वचषकाचा पहिलाच सामना, जगज्जेता जर्मनी विरुद्ध बोलिव्हिया. बोलिव्हियाचे प्रशिक्षक बास्क प्रांतातले हाविएर अझ्कार्गोर्ता, आणि आबा त्यांचे मदतनीस. क्लिन्समन गोल करतो. बोलिव्हियाचा लाडका एचेवेरी बदली म्हणून मैदानात येतो आणि काही मिनिटांतच लाल कार्ड घेऊन बाहेर जातो. 0–1. पुढच्या वर्षी कोपा अमेरिकात त्याच संघाचे मुख्य प्रशिक्षक आबाच असतात. उपांत्यपूर्व फेरीत यजमान उरुग्वे त्यांना 2–1 नं घरी पाठवतो.

आता थंडी वाजेल, सदरा नीट करा. फेब्रुवारी 2005, व्हॅलेन्सिया. आदल्या मोसमात या क्लबानं स्पॅनिश लीग आणि युएफा चषक असं दोन्ही जिंकलं होतं. मग राफाएल बेनिटेझ लिव्हरपूलला गेले, क्लाउदिओ रानिएरी आले, आणि बुखारेस्टच्या स्तेआउआकडून पेनल्टीवर हरल्याबरोबर गेले. खुर्ची रिकामी. तिच्यावर आबांना बसवतात, मोसम संपेपर्यंत. यालाच आपल्याकडं ‘हंगामी’ म्हणतात. हा शब्द मराठीत दोन तोंडांचा आहे: हंगामापुरता आलेला तो हंगामी, आणि दुसरा मिळेपर्यंत बसवलेला तोही हंगामीच. आबा एकाच वेळी दोन्ही होते. संघ सातवा आला, नवे प्रशिक्षक आले, आबांनी पेटी उचलली. त्या संघात मालीकडून खेळणारा मोहम्मद सिसोको नावाचा विशीचा एक दांडगा पोरगा होता. त्याचं तोंड लक्षात ठेवा.

दक्षिण आफ्रिकेचे मोसम वगळू. एकदम फातोर्ड्याला, मडगावच्या शेजारी उतरा. 23 ऑक्टोबर 2014. आज लक्ष्मीपूजन आहे. बाहेर फटाक्यांचा धूर आणि आत इंडियन सुपर लीगचा पहिलावहिला मोसम. लीग तेव्हा ऑक्टोबरात सुरू व्हायची आणि डिसेंबरात संपायची. जणू कारखान्याच्या बॉयलरबरोबरच पेटवलेली. कोलकात्याचे आबा आणि गोव्याचा रोबेर पिरेस, 1998 चा विश्वविजेता, यांच्यात मध्यंतराला बोगद्यात राडा होतो. आबांनी ठोसा मारला, असा पिरेसचा आरोप. पुढं शिस्तपालन समिती दोघांवरही बंदी घालते. तुम्ही बोगद्याच्या तोंडाशी उभे आहात, पण पुढं पोलिसांच्या पाठी, त्यामुळं नीट काहीच दिसलं नाही. कोलकाता 2–1 नं जिंकलं, एवढं फलकावर दिसलं.

आता नेरूळ. 20 डिसेंबर 2014, डी. वाय. पाटील स्टेडियम. इथं जरा बसू. क्रिकेटसाठी बांधलेलं मैदान, त्यामुळं खेळ लांब दिसतो आणि चेंडू लिंबाएवढा. एका बाजूला केरळा ब्लास्टर्स, सहमालक सचिन तेंडुलकर. दुसऱ्या बाजूला अॅटलेटिको दि कोलकाता, सहमालक सौरव गांगुली. तुमच्या मागच्या रांगेतल्या निम्म्या लोकांनी फुटबॉल आज पहिल्यांदा पाहायला घेतला आहे, आणि ‘ओव्हर किती राहिल्या’ असं कुणी विचारलं तरी नवल वाटू नये.

तुम्ही चेंडू सोडा, आबांची चौकडी बघा. बचावाचे चौघे एका दोरीत ओवल्यासारखे सरकतात. चेंडू डावीकडं गेला की सगळी ओळ डावीकडं, आणि पुढचा मधला थर लगेच येऊन भोक बुजवतो. केरळ जोर लावतो. एक चेंडू, दुसरा, तिसरा, प्रत्येक वेळी कुणाचा तरी पाय आडवा येतोच. असा खेळ कंटाळवाणा म्हणतात. मला स्वतःला तो फडासारखा वाटतो: बाहेरून नुसता हिरवा, आत शिरलं की कळतं की पाऊल टाकायला जागा नाही. नव्वद मिनिटं संपतात. 0–0. लोक जादा वेळेच्या हिशेबानं लोकलचं वेळापत्रक काढतात. आणि भरपाईच्या वेळेत कोपऱ्यावरून चेंडू आत येतो, बदली खेळाडू म्हणून आलेला बंगालचा मोहम्मद रफीक उसळतो, डोकं लावतो. जाळी हलते, आणि मग आवाज येतो. इतक्या उंचावर आवाज उशिरा पोचतो. 1–0. सत्तावन्न वर्षांचे आबा पहिल्या आयएसएलचे विजेते.

पुढच्या वर्षी चेन्नईत महापूर येतो आणि उपांत्य सामन्यातला चेन्नईयिनचा घरचा डाव पुण्याला, बालेवाडीला हलवतात. 12 डिसेंबर 2015. परक्याच्या घरी परक्याचं यजमानपद. आबांचा संघ 0–3 हरतो. नियतीचा विनोद असा, की वर्षभरात तेच बालेवाडी आबांचं घर होतं.

तारीख 3 ऑक्टोबर 2016. नवरात्र सुरू आहे, वाटेत बाणेरला मंडपातून आरती ऐकलीत. एफसी पुणे सिटीनं आबांना आणलं आहे. नावाजलेला आइसलँडचा गुड्योनसन मोसमाआधीच जायबंदी झाला, म्हणून त्याच्या जागी कुणाला आणलं पाहा. तोंड ओळखीचं वाटतं? व्हॅलेन्सियाचा तो सिसोको, अकरा वर्षांनी म्हाळुंगे-बालेवाडीच्या चिखलात. फिरस्त्यांची वाट अशीच पुन्हा एकमेकांना छेदते. सांगली-कोल्हापुरात एकाच फडावर भेटणाऱ्या आष्टी-पाटोद्याच्या टोळ्या हे जाणतात. मुंबई सिटी 1–0 नं जिंकते. आठ संघांत पुणे सहावं येतं. 2019 साली तर क्लबच बंद पडतो आणि त्याची जागा हैदराबाद घेतं. पुणेकरांनी फार दुःख केलं असं मला काही दिसलं नाही.

14 मार्च 2020. पुन्हा फातोर्डा, पण यावेळी कान बघा काय ऐकतात. काहीच नाही. करोनामुळं प्रेक्षकांना आत सोडलेलं नाही. वीसेक हजार खुर्च्या रिकाम्या, आणि मैदानात आयएसएलचा अंतिम सामना. चेंडूला लागलेली लाथ ऐकू येते. गोलरक्षकाच्या शिव्या ऐकू येतात. स्पॅनिश आरोळी मारली की समोरच्या छतावर आपटून परत येते. आबा पुन्हा कोलकात्याचे झालेत; हावी एर्नांदेझचे दोन, एदू गार्सियाचा एक, चेन्नईयिन 3–1 नं हरते. दोनदा आयएसएल जिंकणारे ते पहिले प्रशिक्षक. चषक उंचावला जातो तेव्हा टाळ्या वाजवणारे तुम्ही धरून मोजता येतील. आठवडा-दहा दिवसांत देश बंद होणार आहे आणि आपल्याकडच्या हजारो टोळ्या कारखान्यांवर, कोप्यांत अडकून पडणार आहेत. ते या मैदानावर कुणाला ठाऊक नाही.

वर्षभरानं, 13 मार्च 2021, तेच मैदान, तसंच रिकामं. आबांचा क्लब आता मोहन बागानशी एक झाला आहे. समोर मुंबई सिटी, आणि तिच्या बाकावर दुसरा स्पॅनिश फिरस्ता, सेर्हिओ लोबेरा. बार्सिलोना, मोरोक्को आणि गोवा करत आलेला. नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंग गोल करतो. 2–1. नेरूळला शेवटच्या क्षणी जे दिलं होतं, ते इथं शेवटच्या क्षणी काढून घेतलं. डिसेंबरात आबांची खुर्ची जाते, तिच्यावर गोव्याचे हुआन फेर्रांदो बसतात. दोन वर्षांनी, जानेवारी 2024 मध्ये फेर्रांदोंना उठवून पुन्हा आबांना. 15 एप्रिलला सॉल्ट लेकवर मुंबईला हरवून आबा मोहन बागानला लीग शील्ड देतात. पहिला गोल गोव्याच्या लिस्टन कुलासोचा. हंगाम संपतो, आणि मोहन बागान दुसऱ्याला आणतं.

इथं एक बोलायला हवं, नाहीतर माझी उपमा फार गोड होईल. आबांना काढलं तरी कराराचे पैसे मिळतात. आपल्या टोळीचा हंगाम फिसकटला तर उचल अंगावर फिरते आणि पुढच्या साली त्याच मुकादमाकडं जावं लागतं. निघणं सारखं असतं, सुटणं सारखं नसतं.

शेवटचा मुक्काम. आबा सदुसष्टीचे, आणि क्लबाचं नाव इंटर काशी. कपिलधारच्या माणसानं इथं कान टवकारावेत, कारण काशी म्हटलं की आपल्याला आधी जंगमवाडी मठ आठवतो, वीरशैवांच्या पाच पीठांपैकी एक. जंगम म्हणजेच चालता-फिरता. पण तुम्ही गंगेच्या घाटावर शोधलंत तर आबा सापडायचे नाहीत. तेव्हा वाराणसीत साजेसं मैदान नव्हतं म्हणून काशीचा संघ ‘घरचे’ सामने पश्चिम बंगालातल्या कल्याणीत खेळायचा. फिरस्त्या प्रशिक्षकाला अखेर बिऱ्हाड पाठीवर घेतलेलाच संघ मिळाला. आय-लीगचा 2024–25 चा मोसम संपतो आणि विजेता ठरत नाही. नियमभंगाचे वाद, दावे, अपिलं. आधी गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सना विजेते म्हणतात. जुलै 2025 मध्ये स्वित्झर्लंडातल्या क्रीडा लवादाचा कागद येतो, आणि विजेतेपद इंटर काशीचं होतं. ना मैदान, ना शिट्टी, ना गोल.

कानात पाणी गेलं आहे. डोळे उघडा. कुंडाचा काठ, पायाखाली शेवाळ, वरून धार. फार तर दोन मिनिटं गेली असतील. चपला घेऊन पायऱ्या चढून वर येता, तोवर ट्रॅक्टर सुरू झाला आहे. ट्रॉलीतली बाई पोराला पदराखाली ओढून घेते. चहाच्या टपरीवरचा म्हातारा हात वर करून ओरडतो,

“औंदा कुठला कारखाना रं?”

ड्रायव्हरनं काय सांगितलं ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही.