बी सापडलं, हात हरवले

जपानमधल्या एखाद्या छोट्या, सेंद्रिय शिताके अळंबीच्या शेतावर हिवाळा संपता संपता स्वयंसेवक म्हणून गेलात, तर हातात तीन गोष्टी मिळतात : ड्रिल, हातोडी आणि लाकडी खुंट्यांची पिशवी. समोर ओकच्या जातीच्या झाडाचे मीटरभर लांबीचे ओंडके रचलेले असतात. ओंडक्याला ओळीने भोकं पाडायची, प्रत्येक भोकात एक खुंटी बसवायची आणि हातोडीने आत ठोकायची. खुंटी बोटाच्या पेराएवढीही नसते. तिच्यावर कापसासारखा पांढरा थर असतो. तो थर म्हणजे जिवंत बुरशी, शिताकेचं बी.

एक ओंडका झाला की दुसरा, मग तिसरा. संध्याकाळपर्यंत मनगट भरून येतं. नंतर हे ओंडके जंगलात सावलीला नेऊन ठेवतात आणि वाट बघतात. पहिली अळंबी यायला साधारण दीड-दोन वर्षं लागतात. म्हणजे ज्याने खुंटी ठोकली तो ती अळंबी खायला बहुतेकदा तिथे नसतोच. त्याला मोबदल्यात मिळतं दोन वेळचं जेवण आणि झोपायला जागा. पैसे नाहीत.

या एका कामात दोन वेगवेगळे इतिहास येऊन भेटतात. एक त्या खुंटीचा, दुसरा ती फुकट ठोकणाऱ्या हाताचा. पहिला आठशे वर्षांचा आहे आणि दुसरा जेमतेम पन्नास वर्षांचा. पण दुसऱ्याला आपल्या मराठीत फार जुने शब्द आहेत.

वाऱ्यावरची शेती

गहू पेरायचा तर गव्हाचा दाणा हातात असतो. अळंबीचं तसं नाही. तिचे बीजाणू डोळ्यांना दिसत नाहीत आणि वाऱ्यावर कुठेही जातात. जे पेरता येत नाही त्याची शेती कशी करायची?

चीनच्या चच्यांग प्रांतातल्या डोंगराळ भागाने याचं एक उत्तर शोधलं. तिथे वू सानकुंग नावाच्या माणसाने शिताके लावायची रीत शोधली अशी दंतकथा आहे आणि त्याची देवळंही आहेत. दंतकथा बाजूला ठेवली तरी १२०९ सालच्या लोंगछ्वान परगण्याच्या ग्रंथात या शेतीचं वर्णन सापडतं. अवघ्या १८५ चिनी अक्षरांचं. पुढे १३१३ साली वांग चन या अधिकाऱ्याने आपल्या शेतीविषयक ग्रंथात ही कृती लिहिली. सावलीतली जागा बघायची, योग्य जातीचं झाड पाडायचं, कुऱ्हाडीने खोडावर खाचा करायच्या आणि माती टाकून झाकायचं. लाकूड कुजलं की अळंबीचे बारीक तुकडे करून खाचांमध्ये पसरायचे, वर पालापाचोळा आणि माती घालायची, अधूनमधून तांदळाचं धुवण शिंपडायचं. आणि शेवटी दांडक्याने खोडावर मारायचं. याला तो म्हणतो, अळंबीला दचकवणं.

दचकवणं ही गंमत नाही. बुरशीचे तंतू लाकडात पसरलेले असतात आणि धक्का बसला की फळायला लागतात. आजही शिताकेवाले ओंडके थंड पाण्यात बुडवतात किंवा आपटतात, ते याचसाठी. वीज पडली की अळंबी येते, अशी समजूत जपानमध्ये जुनी आहे, आपल्याकडेही ती ऐकू येते. कालिदासाच्या ‘मेघदूता’त मेघाच्या गर्जनेने धरतीवर शिलींध्रं उगवतात, आणि शिलींध्र म्हणजे भूछत्र असा अर्थ अनेक अभ्यासक घेतात. जपानच्या इवाते विद्यापीठातल्या संशोधकांनी तर ओंडक्यांना उच्च दाबाच्या विजेचे क्षणिक झटके देऊन पाहिले आणि काही जातींचं उत्पादन वाढल्याचं त्यांना आढळलं. आठशे वर्षांपूर्वीचं दांडकं आणि प्रयोगशाळेतला विजेचा झटका, दोघांचं काम एकच.

एवढं कळूनही सगळं माणसाच्या हातात आलं नाही. जपानमध्ये सतराव्या शतकापासून बुंगो प्रांतातले, म्हणजे आजच्या ओइता जिल्ह्यातले, कसबी कारागीर ही शेती करत फिरायचे. तिथल्या बोलीत अळंबीला ‘नाबा’ म्हणतात, म्हणून हे ‘नाबाशी’. ते डोंगरात राहून झाडं पाडायचे, ओंडक्यांवर कोयत्याने खाचा मारायचे आणि थांबायचे. वाऱ्याने शिताकेचे बीजाणू त्या खाचांत आणून टाकले तर पीक. दुसऱ्याच कुठल्या बुरशीचे आणले तर दोन वर्षांची मेहनत आणि कापलेलं जंगल दोन्ही वाया. कुठल्या डोंगराला वारा चांगला, कुठलं लाकूड कधी पाडायचं, हे त्यांना ठाऊक होतं. पण शेवटचा हुकमाचा पत्ता वाऱ्याकडेच होता.

आपल्याला हे नवीन नाही. गोव्यात आणि कोकणात वारुळांवर उगवणारी अळंबी, विदर्भातल्या सात्या, यांची आजही कुणी शेती करू शकलेलं नाही. ती बुरशी वाळवीच जोपासते, आपल्या वारुळाच्या पोटात, लाखो वर्षांपासून. आपण फक्त पावसाळ्यात पहाटे उठून जागा शोधायची आणि ती जागा शेजाऱ्याला सांगायची नाही.

खुंटी कुठून आली

बीजाणूंवर विसंबून राहणं युरोपने आधी सोडलं. पॅरिसजवळ जुन्या दगडखाणींच्या अंधारात घोड्याच्या लिदीवर बटण अळंबी घेतली जायची. बी म्हणून आधीच्या वाफ्यातली पांढरे तंतू धरलेली लीद नवीन वाफ्यात घालायची. दह्याला विरजण लावावं तसं. पण विरजणात काय काय आहे हे कुणालाच माहीत नसायचं, त्यातून रोगही पुढच्या वाफ्यात जायचे. १८९४ च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेत बटण अळंबीचं शुद्ध बी प्रयोगशाळेत तयार झालं. १९३२ मध्ये अमेरिकेत जेम्स सिंडन यांनी धान्याच्या दाण्यांवर बुरशी वाढवायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. आज आपल्याकडे धिंगरीचं बी ज्वारीच्या किंवा गव्हाच्या दाण्यांवर पिशवीतून मिळतं, त्याचं मूळ तिथे आहे.

शिताकेची गोष्ट जरा वेगळी, कारण तिला लिदी-पेंढ्याऐवजी लाकूड लागतं. गुन्मा प्रांतातल्या किर्यू गावचा मोरी किसाकू (जन्म १९०८) क्योतो विद्यापीठात शिकत होता. त्याच्याबद्दल सांगतात की, ओइताच्या डोंगरात फिरताना त्याने शेतकऱ्यांना ओंडक्यांसमोर हात जोडून, अळंबी उगव म्हणून विनवणी करताना पाहिलं. पीक आलं नाही तर त्या घरांवर कर्जाचा डोंगर होता. मोरीने ठरवलं की, हे वाऱ्यावर सोडायचं नाही. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने उपाय काढला : लाकडाच्या छोट्या खुंट्या निर्जंतुक करायच्या, त्यांच्यात शिताकेची शुद्ध बुरशी वाढवायची आणि त्या ओंडक्यात ठोकायच्या. बुरशी खुंटीतून लाकडात शिरते. जपानीत या खुंटीला ‘तानेगोमा’ म्हणतात, त्यातला ‘ताने’ म्हणजे बी.

युद्धानंतर ही खुंटी जपानभर पसरली. वाळवलेल्या शिताकेची निर्यात वाढली, डोंगराळ गावांना रोख पैसा मिळाला. प्रार्थनेची जागा हातोडीने घेतली.

पण एक गोष्ट बदलली, ती लगेच दिसली नाही. नाबाशीचं ज्ञान त्याच्या डोक्यात होतं. खुंटी मात्र कंपनीकडून विकत घ्यावी लागते. आणि एकदा शुद्ध बी तयार झालं की त्याला ओंडकाच हवा असं राहत नाही. लाकडाचा भुसा आणि कोंडा पिशवीत भरा, निर्जंतुक करा, बी टाका, एसी खोलीत ठेवा. दोन वर्षांचं पीक काही महिन्यांत येतं. जपानमधली ताजी शिताके आज बहुतांश अशीच तयार होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस चीनने शिताके उत्पादनात जपानला मागे टाकलं. ओंडक्याच्या शेतकऱ्याला वाचवण्यासाठी जे शोधलं, त्यानेच ओंडक्याची शेती महाग करून टाकली.

महाग का, तर हातांमुळे. झाड पाडणं, कापणं, भोकं, खुंट्या, ओंडके उचलणं, फिरवणं, भिजवणं, हे सगळं हाताने. भिजलेला ओंडका उचलून बघा म्हणजे कळेल. डोंगराळ गावातली तरुण मुलं शहरात गेली आणि उरले साठी-सत्तरीतले लोक. बी सापडलं होतं, हात हरवले.

लंडनची सेक्रेटरी

इथे दुसरा इतिहास येऊन मिळतो. १९७१ मध्ये लंडनमध्ये सू कॉपर्ड नावाची एक सेक्रेटरी होती. शहरात राहून तिला मातीची ओढ होती, पण ओळखीचा शेतकरी नव्हता आणि शेतही नव्हतं. तिने ससेक्समधल्या एमर्सन कॉलेजच्या शेतावर शनिवार-रविवार काम करायची परवानगी मिळवली. पहिल्या खेपेला चौघं जण गेले. कल्पना चालली. तिचं नाव पडलं ‘वूफ’. त्या इंग्रजी आद्याक्षरांचा पहिला अर्थ होता सेंद्रिय शेतांवर कामाचे शनिवार-रविवार. पुढे तो ‘इच्छुक कामकरी’ झाला आणि त्याहीपुढे ‘जगभरच्या संधी’.

हा शेवटचा बदल बघण्यासारखा आहे. नावातून ‘काम’ हा शब्दच काढून टाकला गेला. कारण काम म्हटलं की विमानतळावरचा अधिकारी विचारतो, वर्क व्हिसा कुठे आहे? आणि गावातला शेतमजूर विचारतो, माझी मजुरी कुठे गेली?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दिवसाला चार ते सहा तास, बदल्यात जेवण-निवारा आणि शिकणं, असा हा व्यवहार. शेतकऱ्याला हात मिळतात, शहरी पोरांना डोंगर मिळतो. पण हे नक्की आहे काय? मदत, शिक्षण, स्वस्तातली सहल की फुकटची मजुरी?

इर्जिक की वेठ

मराठीत यासाठी दोन टोकांचे शब्द आहेत.

एक इर्जिक. कुणाची नांगरट अडली की गावातले शेतकरी आपापले बैल-नांगर घेऊन त्याच्या शेतात उतरायचे, दिवसात काम उरकायचे आणि त्याच्या घरी जेवायचे. पैसे नाहीत. याची भावंडं म्हणजे सावड : आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. जेवणाच्या बदल्यात श्रम ही कल्पना ससेक्समध्ये जन्मली नाही.

दुसरा शब्द वेठ. तिथेही पैसे नाहीत, किंवा नावापुरतं बलुतं. पण नाही म्हणायची सोय नाही. महार वतनातली कामं ही अशी होती. त्यांविरुद्ध १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडलं. वेठबिगारीवर देशभर बंदी घालणारा कायदा यायला १९७६ उजाडलं. म्हणून ‘प्रेमाने फुकट काम’ असं कुणी म्हणालं की, निदान मराठी माणसाने तरी लगेच टाळ्या वाजवू नयेत.

दोन्हींत पैसा नाही, मग फरक कशात? मला तीन गोष्टी दिसतात. इर्जिकीत माणूस नाही म्हणू शकतो. जो राबतो तो त्याच पंगतीत जेवतो. आणि आज दिलेले श्रम उद्या कुठल्या तरी रूपात परत येतात. वूफचा सगळा डोलारा या तिसऱ्या गोष्टीवर उभा आहे, कारण स्वयंसेवक तर महिन्याभरात निघून जातो. त्याला परत मिळू शकतं ते फक्त ज्ञान. जिथे यजमान ओंडका कसा निवडायचा, बुरशी लाकडात कशी पसरते हे दाखवतो, तिथे ती इर्जिक असते. जिथे तीन आठवडे नुसत्या खुंट्याच ठोकायला लावतो, तिथे ती वेठीकडे झुकते, भोवती जंगल कितीही सुंदर असो.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा पेच ओळखीचा आहे. ज्या कोडवर मी पगार घेतो त्याच्या तळाशी ओपन सोर्सची भली मोठी इमारत आहे, आणि ती बऱ्याच अंशी लोकांनी रात्री जागून, फुकट बांधलेली आहे. ती सावड आहे, जोवर घेणारे परत काही देतात. नुसतेच घेणारे वाढले की सांभाळणारे थकून निघून जातात.

डोंगर आजारी पडतो तेव्हा

ओंडक्याची शेती इतकी कष्टाची, तर सोडून का देत नाहीत? याचं उत्तर ओइतामध्येच, कुनिसाकी द्वीपकल्पात मिळतं. तिथे शिताकेसाठी कुनुगी जातीचा ओक तोडतात, पण मुळं ठेवतात. बुंध्याला फूट येते आणि साधारण पंधरा वर्षांत झाड पुन्हा तोडायजोगं होतं. अशा पाळीने तोडलेलं जंगल तरुण राहतं, जमिनीत पाणी मुरतं, ते साखळीने जोडलेल्या छोट्या तळ्यांत येतं आणि त्यावर भात पिकतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये या व्यवस्थेला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. अळंबी तोडणं थांबलं की जंगल म्हातारं होतं आणि ही साखळी तुटते.

साखळी तुटते कशी, हे पूर्व जपानने २०११ मध्ये पाहिलं. फुकुशिमा प्रांत इतर प्रांतांना शिताकेचे ओंडके पुरवण्यात आघाडीवर होता. अणुदुर्घटनेनंतर किरणोत्सारी सीझियम त्या झाडांवर आणि मातीत बसलं. ओंडक्यांसाठी किलोमागे ५० बेकरेल ही मर्यादा ठरली आणि अनेक ठिकाणच्या ओंडक्यांवरच्या शिताकेच्या विक्रीवर निर्बंध आले. त्या शेतकऱ्यांपैकी अनेकांनी कधी कीटकनाशक वापरलं नव्हतं. शेताची वरची माती खरवडता येते, डोंगर खरवडता येत नाही. भुशावर, बंद खोलीत अळंबी घेणारे त्या मानाने सुटले. जे निसर्गाच्या सर्वांत जवळ होते, त्यांचं नुकसान सर्वांत मोठं झालं.

म्हणून अशा शेतावर जायचा विचार असेल तर जरूर जा, जपानमध्ये किंवा भाताच्या पेंढ्यावर धिंगरी घेणाऱ्या आपल्याकडच्या एखाद्या छोट्या शेडवर. पण जाण्याआधी तीन प्रश्न विचारून घ्या. जेवायला सगळे एकत्र बसतात का? मी काय शिकून परत येईन? आणि मला मध्येच निघावंसं वाटलं तर निघता येईल का? यजमान चांगला असेल तर त्याला या प्रश्नांचा राग येणार नाही. उलट तो तुम्हाला दोन वर्षांपूर्वीच्या ओंडक्यांकडे नेईल आणि कुठल्या खुंट्या कुणी ठोकल्या होत्या ते सांगेल.