जुनी रायफल : शस्त्र आणि स्मृती

खंडेनवमीस आपल्या घरांतून शस्त्रपूजा होते. बहुतेकांच्या पाटावर विळी, कात्री, पक्कड एवढीच आयुधे असतात. परंतु एखाद्या जुन्या घराण्यात तरवारीशेजारी लष्करी ठासणीची बंदूकही मांडलेली आढळते. ‘ही अजून उडते का?’ हा मुलांचा प्रश्न ठरलेला. त्याचे उत्तर इतिहासात आहे आणि कायद्यातही. आणि त्या इतिहासाचे एक पान आपल्या रायपुरात लिहिले गेले आहे.

अशा बंदुकांत सर्वांत गाजलेली म्हणजे १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल. लांबी सुमारे साडेचार फूट, वजन चार किलोंहून थोडे अधिक. शिपायाने कागदी काडतूस दातांनी फाडावे, दारू नळीत ओतावी, गोळी गजाने ठासावी, टोपी बसवावी आणि मग चाप ओढावा. गोळीचा पोकळ बुडखा स्फोटाने फुगून नळीतील तीन आट्यांत घट्ट बसे. त्यामुळे नेम दूरवर लागे. या काडतुसांना गाईची व डुकराची चरबी लावलेली आहे, या समजाने १८५७ चा वणवा भडकला, हे सर्वश्रुतच आहे.

त्या वणव्याची धग रायपुरासही लागली. भोसल्यांच्या अमलाखाली असलेला छत्तीसगड १८५४ मध्ये नागपूर राज्याबरोबर खालसा झाला होता. दुष्काळात व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार रयतेसाठी उघडणारे सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांना १० डिसेंबर १८५७ रोजी येथेच देहदंड झाला. पुढच्याच महिन्यात, १८ जानेवारी १८५८ च्या रात्री, येथील तिसऱ्या पलटणीतील हनुमानसिंह याने सार्जंट मेजर सिडवेल यास ठार केले. हनुमानसिंह दारूगोळ्याच्या कोठारावरील कामगार होता. पण त्याने हाती घेतली ती तरवार. तो निसटला, त्याच्या १७ साथीदारांना २२ जानेवारीस फाशी देण्यात आली. त्यांत हिंदू होते, तसेच मुसलमानही होते.

सरकारने यातून धडा घेतला तो असा, की हिंदी माणसाच्या हाती उत्तम शस्त्र देऊ नये. बंडानंतर हिंदी शिपायांना दिसावयास एन्फिल्डसारखी, परंतु बिनआट्यांच्या गुळगुळीत नळीची बंदूक देण्यात आली. गोऱ्या पलटणी मार्टिनी-हेन्री वापरू लागल्या तेव्हा हिंदी पलटणींच्या वाट्यास स्नायडर आली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने तर सामान्य रयतेस परवान्याविना शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती.

स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यात हा वर्णभेद उरला नाही. जुन्या शस्त्रासाठी त्यातील ४५ वे कलम मोलाचे आहे. कालबाह्य अथवा पुरातन मोलाचे शस्त्र, जे दुरुस्त करूनही उडू शकत नाही, त्यास हा कायदा लागू होत नाही. यातील ‘दुरुस्त करूनही’ हे शब्द विसरू नयेत. चाप गंजला म्हणून बंदूक निर्जीव झाली असे नव्हे. ती उडवायची किंवा कोठे न्यायची असेल तर परवाना हवाच. शंका असल्यास जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन खुलासा करून घ्यावा. वारशाचा अभिमान हा परवान्यास पर्याय नव्हे.

परवाना असला तरी अशा बंदुकीचा बार काढणे हे हौसेचे काम नाही. जुन्या काळ्या दारूची राख ओल धरते आणि नळीस आतून गंज चढवते. अशा नळीत आधुनिक, अधिक जोराची दारू भरली तर नळी फुटून उडविणाराच जायबंदी होईल.

मुलांच्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच असे द्यावेसे वाटते : ‘ती उडवायची नाही, तिची कथा सांगायची.’ फासावर गेलेल्या त्या सतरा जणांची कथा पुढील पिढीस ठाऊक राहिली, तर खंडेनवमीचे फूल योग्य ठिकाणी वाहिले गेले असे म्हणता येईल.