हमाल सापडले, मुकादम राहिला

लॅपटॉपचं कौतुक सगळ्यांना, अडॅप्टरची आठवण येते ती मात्र तो हरवल्यावर! पेशीच्या अभ्यासातही काहीसं असंच झालं.

म्हणजे बघा, पाठीच्या कण्यातून पावलाकडे जाणाऱ्या चेतापेशीचा तंतू जवळजवळ मीटरभर लांब असतो. माल बनतो बहुतेक वरच्या टोकाला, लागतो खालच्या टोकाला. नुसता तरंगत सोडला तर जन्म पुरायचा नाही. म्हणून पेशीत सूक्ष्मनलिकांचे रूळ आहेत आणि त्यांवरून ओझं वाहणारी प्रथिनं, म्हणजे हमाल. सेकंदाला एक मायक्रॉन या वेगाने न थांबता चाललं तरी मीटरभर जायला साडेअकरा दिवस!

पहिला हमाल सापडला तो टेट्राहायमेना या एकपेशीय जिवाच्या केसांसारख्या तंतूंत. 1965 मध्ये इयान गिबन्स यांनी त्याचं नाव ठेवलं डायनीन. 1985 मध्ये अमेरिकेत वूड्स होल इथे रॉन व्हेल, मायकल शीट्झ आणि थॉमस रीस यांनी स्क्विडच्या जाडजूड चेतातंतूतून दुसरा शोधला, कायनेसिन. हा बाहेर माल नेणारा. 1987 मध्ये कळलं की परतीची वाहतूक डायनीनची. 1993 मध्ये कायनेसिनचं पाऊलही मोजलं गेलं, 8 नॅनोमीटर.

झालं की सगळं! पण नाही. सस्तन प्राण्यांचं शुद्ध डायनीन काचेवर रूळ आणि इंधन देऊन ठेवलं, तरी लांब पल्ल्याला चालेना. 1991 मध्ये त्याचा मदतनीस डायनॅक्टिन सापडला, तरी गाडी अडलेलीच.

उत्तराचा धागा होता एका माशीत. 1986 मध्ये मोहलर आणि वीशाउस यांनी फळमाशीतलं एक उत्परिवर्तन नोंदवलं. त्या माशीच्या भ्रूणाला डोकं नाही, दोन्हीकडे पोटच! जनुकाचं नाव पडलं बायकॉडल-डी, म्हणजे दोन शेपट्यांचा. शेपटीकडचा निरोप डोक्याकडेही पोचत होता. वाहतुकीचा घोळ, दुसरं काय?

2014 मध्ये व्हेल यांच्या आणि केंब्रिजच्या अँड्र्यू कार्टर यांच्या गटांनी वेगवेगळं दाखवलं की डायनीन आणि डायनॅक्टिनमध्ये याच जनुकाच्या सस्तन भावंडाचं, बीआयसीडी2चं प्रथिन घातलं की तिघं घट्ट जुळतात आणि डायनीन लांबवर धावत सुटतं. म्हणजे अडॅप्टर हा नुसता ओझं बांधायचा दोर नव्हे. माल कोणता ते ठरवणारा आणि हमालाला उठवणारा मुकादमच तो. माल हाती नसेल तर हमालाने उगाच धावून इंधन का जाळावं? पेशीची काटकसर ही अशी.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल, तर आणखी एक. 2013 मध्ये याच बीआयसीडी2 जनुकातले बिघाड काही कुटुंबांत सापडले. त्यांच्यात लहानपणापासून पायांचे स्नायू कमजोर. हमाल धडधाकट, रूळ शाबूत. बिघडला होता तो मुकादम.

डायनीनच्या नामकरणापासून ते सस्तन प्राण्यांचं डायनीन असं लांबवर धावताना दिसेपर्यंत 49 वर्षं गेली. धावणारा चटकन नजरेत भरतो हो, त्याला कामाला लावणारा शोधायलाच वेळ लागतो.